अर्धी पक्कीसाठी

आमच्या हॉस्पिटलात डॉ. विशाखा जाधवांना पाठीमागे सगळे 'थांबा मॅडम' म्हणायचे. हे नाव ठेवलं सर्जन डॉ. मुकादमांनी, आणि ठेवलं ते चिडून. मुकादम म्हणजे चालताना पुढच्याच्या टाचेवर पाय देणारा माणूस. त्यांच्या टेबलावर बाई भूल देऊन झोपवलेली, जखम उघडी, हातातली कात्री अधांतरी, आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून आमच्या लॅबचा एकच शब्द ऐकू यायचा, "थांबा." कारण नाही, सॉरी नाही, किती वेळ तेही नाही. मुकादम तिकडून करवादायचे, "जाधव, पेशंट माझ्या टेबलावर आहे, तुमच्या नाही!" मॅडम मायक्रोस्कोपवरून मान न उचलता म्हणायच्या, "तिचा तुकडा माझ्या टेबलावर आहे. पुढे काय करायचं ते तोच तुम्हाला सांगणार आहे. त्याला बोलू द्या."

मी त्यांच्या हाताखालची टेक्निशियन. मंदा नाटेकर, राहणार भाट्ये. ह्यापलीकडे माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि असलं तरी मॅडमनी ते मध्ये घुसू दिलं नसतं. "स्वतःचं कौतुक घरी जाऊन नवऱ्याला सांग, इथे तुकडा काप," असं त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. नवऱ्याला सांगून काही उपयोग नसतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनी लग्नच केलं नव्हतं.

लोकांना वाटतं ऑपरेशन म्हणजे सर्जन. दिव्याखाली उभा, सगळे त्याला हत्यारं देताहेत. पण छातीतल्या कॅन्सरचं ऑपरेशन चालू असताना खरा निकाल तीन दारं पलीकडे, आमच्या अंधाऱ्या खोलीत लागत असतो. काढलेली गाठ स्टीलच्या वाटीतून आमच्याकडे धावत येते. सर्जननं तिला दोन दोरे घातलेले असतात, आखूड दोरा वरची बाजू, लांब दोरा बाहेरची. मॅडम तिला चारी बाजूंनी वेगवेगळ्या शाया लावायच्या, निळी, हिरवी, काळी, पिवळी. मग कापून, बोटानं दाबून, डोळ्यांनी बघून संशयाची जागा काढायच्या आणि तिथला तुकडा मला द्यायच्या. मी तो थंड मशीनमध्ये गोठवून पापुद्र्याएवढा पातळ कापायचा, काचेवर घ्यायचा, रंगवायचा. मॅडम बघायच्या. कॅन्सरची पेशी शाईला टेकलेली दिसली, तर त्याच बाजूला आत अजून काही राहिलंय. मग स्पीकरवर सांगायचं, त्या बाजूनं आणखी काढा.

आता 'त्या बाजूनं' हे बोलायला सोपं. आमच्याकडे एकदा त्यावरून घोळ होता होता राहिला. मॅडम म्हणाल्या 'बाहेरची कड', मुकादम त्या दिवशी नेहमीपेक्षा उलट्या अंगाला उभे होते, त्यांच्या 'बाहेर'चं 'आत' झालं आणि ते भलतीकडेच कापायला निघाले. सिस्टरनं विचारलं म्हणून वाचलं. त्या दिवशी मॅडम ऑपरेशन थिएटरात जाऊन उभ्या राहिल्या आणि खिडकीकडे बघत राहिल्या. आमचं थिएटर टेकाडावर, पश्चिमेच्या खिडकीतून समुद्र दिसतो. टेबल बसवताना जुन्या मेट्रनबाईंनी पेशंटचं डोकं उत्तरेकडे येऊ दिलं नव्हतं, कारण उत्तरेला डोकं करून काय ते प्रेत ठेवतात. त्यामुळे आमचा प्रत्येक पेशंट डोकं दक्षिणेला करून झोपतो, डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला घाट. मॅडम म्हणाल्या, "झालं तर मग. आजपासून आत नाही आणि बाहेर नाही. डावीकडची कड समुद्राकडची, उजवीकडची घाटाकडची. सर्जन टेबलावर चढून उभा राहिला तरी समुद्र काही जागा बदलत नाही." मुकादमांनी पहिल्यांदा टिंगल केली. पण पुढे बाहेरगावचा कुणी डॉक्टर बघायला आला की तेच मोठ्या ऐटीत सांगायचे, "आम्ही इथे समुद्राकडनं अजून थोडं काढतोय."

मॅडमचा दुसरा कायदा कच्चीचा आणि पक्कीचा. गोठवून घाईनं कापलेली काच ती कच्ची. औषधात भिजवून, मेणात बसवून, चार-पाच दिवसांनी नीट कापलेली ती पक्की. कच्चीत पेशी फुगतात, फाटतात, डोळ्याला फसवतात. "कच्ची म्हणजे आंबा दाबून बघणं. पक्की म्हणजे कापून खाणं," त्या सांगायच्या. "दाबून बघून सांगावं लागतं, कारण बाई टेबलावर आहे. पण कापून बघायला काही उरलंच नाही, तर आपण तिला फसवलं." म्हणून कुठलाही तुकडा आला की पहिली गोष्ट, अर्धी बाजूला. ती अर्धी औषधाच्या बाटलीत घालायची, झाकण लावायचं, आणि त्या दिवशी त्या बाटलीला हात लावायचा नाही. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की घरी मासे साफ करताना सुद्धा माझ्या तोंडून निघून जातं, अर्धी पक्कीसाठी.

आणि तिसरा कायदा म्हणजे नाव वाचायचं नाही. तुकड्याबरोबर येणाऱ्या कागदावर पेशंटच्या नावावर मी कागदाची पट्टी चिकटवायची. वय दिसलं पाहिजे, बाजू दिसली पाहिजे, नाव नाही. रत्नागिरी एवढीशी. इथे प्रत्येक बाई कुणाची तरी वहिनी, कुणाची तरी शिक्षिका, कुणाच्या तरी शेजारची असते. "नाव वाचलं की डोळा भरतो, आणि भरलेल्या डोळ्याला काय दिसणार?" असं त्यांचं म्हणणं. गावानं मात्र त्यांना कधी सुखानं हा कायदा पाळू दिला नाही. मच्छीमार्केटात हमीदा नावाची एक मासळीवाली होती, तिच्या भावजयीचं ऑपरेशन झालं होतं. तिनं मॅडमच्या पिशवीत बांगड्यांवर एक आख्खी सुरमई टाकली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या भाबीचं जरा चांगलं लिवा हां." मॅडमनी सुरमई काढून पुन्हा पाटीवर ठेवली. म्हणाल्या, "हमीदा, चांगलं लिहिणं माझ्या हातात असतं ना, तर मी सगळ्यांचंच लिहिलं असतं." मग आम्ही रिक्षानं परत निघालो. नाक्यावर मला म्हणाल्या, "भावजय म्हणाली ना ती? आता पट्टी लावून काय उपयोग? जगात एकच भावजय असल्यासारखी ती मला प्रत्येक काचेत दिसणार."

राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि उतरायचाही लगेच. चहा बशीतूनच प्यायच्या, मोठ्या डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये सुद्धा, फुर्रकन आवाज करून. डब्यात बहुतेक घावने आणि कुळथाची पिठी. टेबलावर मायक्रोस्कोपशेजारी बाबासाहेबांचा एक लहान फोटो आणि त्याला टेकवून ठेवलेली काजूची पुडी, कधी न संपणारी, कारण संपायच्या आत राजापूरच्या बसनं दुसरी यायची. ती पुडी पाठवायची त्यांची आक्का.

आक्काबद्दल मॅडम फार बोलायच्या नाहीत, पण जे बोलायच्या त्यात त्यांचा सगळा जन्म येऊन जायचा. गाव राजापूरच्या आतल्या अंगाला. वडील मुंबईत गोदीत, वर्षातून दोनदा घरी यायचे. आई लवकर गेली. आक्कानं शाळा सोडली आणि ती काजूच्या कारखान्यात लागली, धाकटी शिकत राहिली. "मला वाढवलंन् ते आक्कानं, आणि मारलंन् ते सुद्धा आक्कानंच," मॅडम हसून सांगायच्या. बेडूक चिरायला लागतो म्हणून डॉक्टरकी नको म्हणत त्या रडत घरी आल्या होत्या, तेव्हा आक्का म्हणाली होती, "आमी रोज बोटां चिरून घेतांव, तुला बेडकाचा काय एवडा?" बस्, तेवढ्यावर मॅडम परत गेल्या.

अशी ही आक्का एका सकाळी आमच्या लॅबच्या दारात उभी राहिली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. किरकोळ, काळीसावळी, नाकात मोरणी, खांद्यावर पिशवी. मॅडमनी विचारलं, "आक्का? फोन नाय काय नाय?" ती आत आली, दार लोटून घेतलं, मॅडमचा हात धरला आणि स्वतःच्या उजव्या छातीवर ठेवला. मॅडमनी दाबून बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. गाठी बघण्यात त्या बोटांचा जन्म गेला होता, त्यांना काय सांगायला हवं? त्या म्हणाल्या, "कधीपास्नं?" आक्का म्हणाली, "आंब्याला मोहर होता तेवापास्नं." आणि तेव्हा आंबे उतरून संपत आले होते.

पुढचे दिवस मॅडम आक्काला मुंबईला न्यायला निघाल्या होत्या आणि आक्का निघत नव्हती. हे भांडण आमच्या लॅबमध्येच व्हायचं, काजू सोलता सोलता.

"तितं मोठी हॉस्पिटलां हायत, आक्का. माज्यापेक्षा हुशार लोकां हायत."

"असतील. त्यानी मना कदी बगितलांय?"

"अगो, डॉक्टर काय ओळखीचाच लागतो?"

"मना लागतो. तू बग. तू बगितलांस की माजा जीव थंड. नायतर मी चालली घरी, कोंबड्या उपाशी हायत."

मॅडमनी मुकादमांना मध्ये घातलं. मुकादम आक्काशी तिच्याच भाषेत बोलायला गेले आणि दहा मिनिटांत तिच्या बाजूचे होऊन परत आले. "जाधव, ती येत नाही. आणि खरं सांगू, दुसरं कुणी बघितलं तर मलाही कापताना धीर येणार नाही." ह्या जिल्ह्यात त्या कामाला दुसरं माणूसही नव्हतं. मॅडमच्या बशीतला चहा तसाच राहिला.

सरकारी योजनेच्या कार्डाला आक्काचा अंगठा घ्यायचा होता तेव्हा काउंटरवर मजाच झाली. मशीन अंगठा घेईना. क्लार्कनं पुसून घेतला, ओला करून घेतला, दुसऱ्या हाताचा घेतला, दहाही बोटं लावून बघितली. काजूच्या टरफलाच्या चिकानं सगळ्या रेषा कधीच जळून गेल्या होत्या. क्लार्क वैतागून म्हणाला, "मावशी, तुमची बोटं आहेत का काय?" आक्का म्हणाली, "रेषा नसतील, बोटां हायत. तुजां मशीन कारखान्यात घेऊन ये, दाकवतंय." लाइनीतले सगळे हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आक्काचा हात हातात घेतला आणि ती गुळगुळीत बोटं एकेक करून बघितली. त्यांना ती काही नवीन नव्हती, पण त्या दिवशी नवीन असल्यासारखी बघितली.

ऑपरेशनच्या आधी मुकादमांनी आक्काला सगळं समजावलं. कॅन्सर छातीतून निघाला की बहुतेक आधी काखेतल्या एका ठरावीक गाठीत जातो. निळं औषध टोचलं की ती गाठ निळी होते आणि सापडते. ती काढून लॅबला पाठवायची. ती स्वच्छ निघाली तर काखेला हात लावायचा नाही. तिच्यात काही निघालं तर काख पुरी साफ करायची, आणि मग तो हात जन्मभर सुजू शकतो, जड राहू शकतो. आक्कानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "छाती न्या. ती आता काय माज्या कामाची नाय. हात तेवडा माजा ठेवा, डॉक्टर. माजां पोट हातावर हाय." मग मॅडमकडे वळून म्हणाली, "आयकलांस मा बाय? हात."

त्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे कागदावर पट्टी चिकटवली. शेवंती तांबे, ह्या आक्काच्या सासरच्या नावावर. मॅडमनी ती बघितली आणि म्हणाल्या, "ती कशाला आता?" पण काढली नाही.

आधी गाठ आली. मॅडमनी शाया लावल्या. हात नेहमीसारखा स्थिर होता, हे मी शपथेवर सांगेन. घाटाकडची कड त्यांना दाट लागली. तिथला तुकडा मी कापला, रंगवला. त्यांनी बघितला आणि स्पीकरवर म्हणाल्या, "घाटाकडनं आणखी काढा." मुकादमांनी काढलं. ते स्वच्छ आलं. इथपर्यंत सगळं रोजच्यासारखं.

मग निळी गाठ आली. वाटाण्याएवढी. मॅडमनी ती मधोमध कापली, अर्धी बाटलीत टाकली, झाकण लावायला माझ्याकडे सरकवली, आणि अर्धी मला दिली. मी कापली. त्यांनी बघितली. एरवी एका नजरेत सांगणाऱ्या मॅडम काच सरकवत राहिल्या, सरकवत राहिल्या. मग म्हणाल्या, "अजून खोल काप." मी खोल गेले. दुसरी काच, तिसरी काच. "थांबा," त्या स्पीकरवर म्हणाल्या. मग मला, "अजून खोल."

त्यांना वाईट काही दिसत नव्हतं. दिसलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, त्या सांगणाऱ्याच होत्या. त्यांना चांगलं दिसत होतं आणि त्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. दुसऱ्या कुणाची काच असती तर पहिल्या नजरेला 'स्वच्छ' म्हणून त्या चहा प्यायला गेल्या असत्या. गाठ पातळ पातळ होत संपली. मशीनच्या पात्याखाली तुकडा बसवायचा तो नुसता गोठलेला डिंक राहिला. मी म्हटलं, "मॅडम, ही संपली."

त्यांनी हात पुढे केला आणि बाटली उचलली.

मी म्हटलं, "मॅडम, ती पक्कीची आहे."

"मला माहीत आहे. लाव."

"मॅडम..."

"मंदा, तिचा हात आहे तो. लाव."

मी ती अर्धी लावली. तीही तशीच गेली, खोल, अजून खोल, अजून. प्रत्येक काच स्वच्छ. मुकादमांनी तिकडून दोनदा विचारलं, मॅडमनी दोनदा 'थांबा' म्हटलं, आणि मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच मुकादम काही न बोलता थांबले. शेवटी कापायला काहीच उरलं नाही, तेव्हा मॅडमनी स्पीकरचं बटण दाबलं. म्हणाल्या, "स्वच्छ आहे. काख बंद करा." बटण सोडलं, चष्मा काढला आणि खुर्चीत बसून रडल्या. मी पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, आनंदानं रडताहेत. अर्धं तसंच असेल. पण मशीनच्या कडेला मी ब्रशनं झटकलेले पापुद्रे पडले होते, काचेवर न घेतलेले, मधले मधले. रडता रडता त्यांची नजर तिकडे गेली, आणि रडणं थांबलं.

आक्काचा हात राहिला. शुद्धीवर आल्यावर तिनं तो पहिला वर केला, खाली केला, मुठीत चादर धरून बघितली आणि वॉर्डातल्या सगळ्या बायकांना दाखवला. कोल्हापूरला जाऊन तिनं किरणांची लाईट घेतली, गोळ्या घेतल्या, आणि पुन्हा काजूवर गेली. पुड्या येऊ लागल्या. एकदा तर स्वतः आली, त्याच हातात फणसाच्या गऱ्यांनी आख्खा भरलेला डबा घेऊन, आणि मुकादमांना म्हणाली, "बगा, जड काय नाय." मुकादमांनी डबा संपवला. मॅडम त्या दिवसांत कुणी कौतुक केलं की विषय बदलायच्या.

दोन हंगाम चांगले गेले. तिसऱ्या हंगामात आक्काची कंबर दुखायला लागली. काजूच्या कारखान्यात दिवसभर उकिडवं बसणाऱ्या बाईची कंबर दुखणारच, असं सगळेच म्हणाले. फोटो काढला तेव्हा कळलं, ते मणक्यात गेलं होतं. लिव्हरमध्ये पण होतं.

मुकादम स्वतः लॅबमध्ये आले. हा माणूस कधी बसायचा नाही, त्या दिवशी बसला. म्हणाले, "जाधव, ते रक्तातूनही जातं. काखेतूनच गेलं पाहिजे असं नाही. काख साफ केली असती तरी कदाचित हेच झालं असतं."

"कदाचित," मॅडम म्हणाल्या. "पक्की असती तर हा शब्द लागला नसता."

"काचा सगळ्या स्वच्छ आहेत ना?"

"जे काचेवर आलं ते स्वच्छ. जे ब्रशनं झटकलं ते?"

मॅडमनी काचांचे फोटो मुंबईला आपल्या जुन्या सरांना फोनवर पाठवले होते. त्यांनीही कळवलं, स्वच्छ.

पावसाच्या तोंडावर एका रविवारी मी मॅडमबरोबर त्यांच्या गावी गेले. आक्का पडवीत खाटेवर होती. अंगात काही राहिलं नव्हतं, पण उजवा हात पांघरुणाबाहेर. शेजारी परातीत काजू पडले होते, पडल्या पडल्या एखादा सोलायची. मी उंबऱ्याशी बसले होते. मॅडम खाटेच्या कडेला टेकल्या आणि इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाल्या, "आक्का, तुज्या काखेतली ती गाठ. मी सगळी कापून टाकली. पाठीमागं काय सुदीक ठेवलां नाय."

आक्कानं डोळे उघडले. तिच्या तोंडावर समाधानच पसरलं. म्हणाली, "बरां केलांस. कशाला ठेवायची ती?"

"तसां नाय आक्का. ठेवायला पायजे होती. अर्धी ठेवायची आसते. मी नाय ठेवली."

"नाय ठेवलीस तां बरांच केलांस गो. तू बगितलांस ना? मग झालां." आणि तिनं हातातला सोललेला काजू मॅडमच्या तोंडात घातला, लहान पोरीला घालतात तसा. मॅडमना तो चावता आला नाही. तोंडात तसाच धरून त्या बसून राहिल्या. मी उठून विहिरीकडे गेले, कारण मला बघवेना. असं माफ करणं देवानं कुणाच्या वाट्याला आणू नये. आपण कुणाला माफ केलंय हे आक्काला माहीतच नव्हतं.

आक्का गेली. मॅडम कामावर आल्या त्या पूर्वीच्याच वेळेला, पण तीन गोष्टी बदलल्या. पट्टी बंद झाली. "नाव वाच," त्या मला सांगायच्या, आणि मी मोठ्यानं नाव वाचल्यावरच काच हातात घ्यायच्या. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "झाकून काय मिळालं? माझ्या हातात माणूस आहे एवढं तरी कळू दे." अर्धी आता त्या स्वतः बाटलीत टाकायच्या, झाकण लावायच्या आणि बाटली कपाटात बंद करून किल्ली मला द्यायच्या. मी मागितली तरी देऊ नकोस, असं बजावून. आणि रोज सकाळी, पहिल्या कामाच्या आधी, खणातून आक्काच्या काचा काढायच्या. एकेक लावायच्या. वरून खाली, समुद्राकडून घाटाकडे, सगळी फिरून बघायच्या आणि परत ठेवायच्या. काजूची पुडी संपली होती. रिकामा कागद फोटोला टेकून तसाच होता, तो टाकायची माझी हिंमत झाली नाही.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी सभागृहात शाल झाली, समोसे झाले. मुकादम भाषणाला उभे राहिले आणि "ह्या बाईनं मला थांबायला शिकवलं" एवढं बोलून त्यांना पुढचं सुचेना, तेव्हा ते बसले. मॅडम गावी जाणार होत्या, आक्काच्या घरी. सामान रिक्षात गेलं होतं. मी लॅबची खिडकी लावायला वर आले तर त्या मायक्रोस्कोपशी बसलेल्या, खांद्यावर ती शाल तशीच. आमच्या मायक्रोस्कोपला समोरून दुसऱ्या माणसाला बघायला डोळे आहेत. त्या म्हणाल्या, "बस गो समोर. आज तू बघ."

मी बसले. ती काच मी ओळखली. मीच कापलेली. त्या हळूहळू फिरवत होत्या. किती वर्षं त्यांच्या शेजारी राहून मला थोडंफार कळत होतं. आणि मी सांगते, मी देव पाण्यात घातले त्या वेळी. एक तरी दिसू दे, म्हटलं. एक वाईट पेशी, कोपऱ्यात कुठंतरी. म्हणजे मी बोट दाखवीन, ही बघा मॅडम, ही इथे होती, तुमच्या नजरेतून सुटली. मग त्या एकदाच्या पुरत्या रडतील आणि सुटतील. काच संपली. दुसरी लावली. तीही संपली.

"काय दिसतंय?"

"स्वच्छ आहे, मॅडम."

"घाई नको करू. नीट बघ."

मी पुन्हा बघितलं. खरंच बघितलं. "स्वच्छच आहे."

"हो," त्या म्हणाल्या. "मलाही रोज तसंच दिसतं." काचा घरी न्या, असं मी म्हणून बघितलं. त्यांनी मान हलवली. हॉस्पिटलची काच बाहेर न्यायची नाही, हा कायदाही त्यांचाच होता.

खालून रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. राजापूरची बस सुटायची वेळ झाली होती. शिपाई जिन्यावरून ओरडला, "मॅडम, येताय ना?" खिडकीत समुद्रावर ऊन उतरलं होतं. मॅडमनी मान वर केली नाही. शाल एका खांद्यावरून घसरली होती ती तशीच, आणि बोटं काच सरकवत होती, समुद्राकडून घाटाकडे. त्यांनी पहिली काच परत लावली आणि म्हणाल्या, "थांबा."